लग्नाचा खाना आणि दुकानाचे भांडवल

लग्नसराई जवळ आली की आम्हा कापडवाल्यांच्या गादीवर गिऱ्हाइकांची वर्दळ वाढते. रमजान आता फेब्रुवारी-मार्चमध्ये येऊ लागल्यामुळे आपल्या भागातील बहुतेक निकाह एक तर रमजानच्या आधी, कापसाचा पैसा हातात असताना होतात, नाही तर ईदनंतर एप्रिल-मेच्या सुट्टीत होतात. चांद्र वर्ष दरसाल दहा-अकरा दिवसांनी मागे सरकते, त्याबरोबर आमचा हंगामही सरकतो. ही गोष्ट पाथरी, मानवत, सेलू, सोनपेठच्या प्रत्येक व्यापाऱ्याला ठाऊक आहे.

मात्र गेल्या वीस-पंचवीस वर्षांत एक फरक आम्ही पाहत आलो आहोत. पूर्वी मुलीचा बाप आधी कापड घ्यायला येई. मुलीचे जोडे, जावयाचा जोडा, समधनीची साडी, नातेवाइकांचे कपडे हे सगळे ठरले की मग खान्याचा विचार होई. आता तो आमच्याकडे सर्वांत शेवटी येतो. फंक्शन हॉलची इसार दिलेली असते, केटररचा मेनू ठरलेला असतो, स्टार्टर किती आणि मिठे किती याचा कागद खिशात असतो. उरलेल्या पैशात कापड. आणि पुष्कळदा उरलेले पैसे नसतातच, म्हणून उधारी. यात आमचा स्वार्थ आहे हे आम्ही लपवत नाही. परंतु प्रश्न केवळ कापडवाल्यांच्या उधारीचा नाही. लग्नाचा खाना कसा बदलला आणि त्या बदलाने आपल्या लहान व्यापाऱ्याचे, कारागिराचे भांडवल कसे खाल्ले, याचा हिशेब एकदा मांडला पाहिजे.

खाना-दालचा : पूर्वीची रीत

पाथरी हे जुने गाव. ऐन-ए-अकबरीमध्ये वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार म्हणून त्याचे नाव येते. अहमदनगरच्या निजामशाहीचा मूळ पुरुष पाथरीच्या कुलकर्णी घराण्यातला, असे फरिश्ता लिहितो. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. साहजिकच आपल्या दस्तरखानावर दख्खनची आणि हैदराबादची छाप आहे. औरंगाबादकडे (आताचे छत्रपती संभाजीनगर) लग्नाला नान-खलिया असतो. तो मुहम्मद तुघलकाच्या लष्कराबरोबर दौलताबादेत आला असे सांगतात. आपल्या परभणी-नांदेडकडे मात्र लग्नाचा खाना म्हणजे खाना-दालचा. कांद्याचा आणि खड्या मसाल्याचा बगार दिलेला तांदूळ, त्यावर हरभऱ्याच्या डाळीचा, दुधी भोपळ्याचा, चिंचेचा आणि गोश्ताचा दालचा, आणि शेवटी मीठा. एवढेच. पण त्याची वाट लोक वर्षभर पाहत, कारण मराठवाड्यात रोजचे जेवण ज्वारीच्या भाकरीचे होते. तांदूळ सणाला आणि लग्नाला.

व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिले तर दालचा ही मोठ्या अकलेची चीज आहे. डाळ आणि भोपळा गोश्ताला पुरवठा देतात. बिर्याणीत जेवढे तांदूळ जवळपास तेवढे गोश्त लागते. दालच्यात निम्म्याहून कमी गोश्तात पंगत उठते. पाहुणे पन्नासाने वाढले तरी यजमानाचा चेहरा पडत नाही. देगेत आणखी पाणी, आणखी भोपळा, आणखी डाळ. ज्यांनी ही रीत घातली त्यांना ऐपत आणि इज्जत दोन्ही सांभाळायची होती.

दुसरी गोष्ट, हा खाना विकत घेतला जात नव्हता, तो मोहल्ल्यात तयार होत होता. दोन दिवस आधी बायका तांदूळ निवडत, मसाला कुटत, कांदा-लसूण सोलत. तरुण मुले बाभळीची लाकडे आणत, चुलीसाठी चर खोदत. देगा, तसराळी, रकाब्या आणि जाजम जमातीच्या मालकीचे असत. मस्जिदीच्या कोठीतून नाममात्र भाडे देऊन ते आणायचे आणि घासून परत ठेवायचे. बावर्ची इशाच्या नमाजनंतर देग चढवी. विकत आणायचा तो शिधा आणि गोश्त, आणि मजुरी द्यायची ती बावर्चीची. बाकी सगळे हातांचे काम. ते हात ज्याच्या-त्याच्या घरच्या लग्नात फेडले जात.

जेवण जमिनीवर, लांब लाल दस्तरखानावर. ते लाल कापड आमच्याच दुकानांतून मीटरने जाई. सिलफची-आफताबा घेऊन एक मुलगा हात धुवायला येई. वाढणारे बिरादरीचेच तरुण. ते शेवटी जेवत. हिंदू मित्र-शेजाऱ्यांसाठी वेगळा आचारी, वेगळी भांडी आणि पुरी-भाजी-बुंदीची वेगळी पंगत असे. कुणाच्या घरी कोरडा शिधा पोचवला जाई. आमंत्रणाचेही प्रकार होते. कुणाला घरातून एक, कुणाला फक्त मर्दाना, तर जवळच्यांना चूलबंद, म्हणजे त्या दिवशी त्या घरी चूल पेटायची नाही. आमंत्रणाच्या या प्रकारांनीच माणसांची संख्या हातात राहत होती.

त्या रीतीत सर्व काही चांगले होते असे आम्ही म्हणत नाही. बायकांचे श्रम कुणी मोजत नव्हते. पुरुषांच्या तीन पंगती उठेपर्यंत त्यांचे जेवण दुपार टळून होई. कुठे मानपानावरून रुसवे होत, कुठे गोश्ताच्या बोटीवरून भांडणे. पण त्या खान्यापायी कुणाचे दुकान बंद पडले असे आमच्या ऐकिवात नव्हते.

बदल कसा आला

बदल एका दिवसात आला नाही. तो तीन-चार बाजूंनी आला.

पहिली बाजू कोंबडीची. ब्रॉयलर कोंबडी तालुक्याच्या गावांत सहज मिळू लागली आणि लग्नात चिकन आले. प्रथम ते दालच्याच्या जोडीला होते, मग चिकनची बिर्याणी, मग चिकन ६५, मग तंदूर. ब्रॉयलर स्वस्त म्हणून आली, पण तिने पदार्थांची संख्या वाढवली. त्यात जोखीमही आली. जानेवारी २०२१ मध्ये आपल्याच जिल्ह्यातील मुरुंबा गावात बर्ड फ्लू निघाला. लोकांनी कोंबडीचे नाव टाकले आणि ठरलेले मेनू बदलण्याची धावपळ झाली.

दुसरी बाजू कायद्याची. महाराष्ट्रात गोहत्याबंदी १९७६ च्या कायद्याने होतीच. १९९५ मध्ये विधिमंडळाने मंजूर केलेल्या दुरुस्तीला २०१५ मध्ये राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि बैल व वळूची कत्तलही बंद झाली. गरीब माणसाच्या दालच्यातले गोश्त बहुतांशी तेच होते. म्हैसवर्गाला परवानगी असली तरी तिला दाखला लागतो, वाहतुकीची भीती असते आणि माल वेळेवर मिळेलच याची खात्री नसते. त्यामुळे ज्याची ऐपत आहे तो बकऱ्याकडे वळला, ज्याची नाही तो कोंबडीकडे. बकऱ्याचे गोश्त दालच्यात घालायचे तर तो गरिबाचा खाना राहत नाही. कायद्याचे पालन आपण करतोच आणि केलेच पाहिजे. पण त्याने कुरैशी बांधवांचा धंदा आणि लग्नाच्या देगेचा हिशेब दोन्ही बदलले, हे नोंदवणे भाग आहे.

तिसरी बाजू जागेची. अंगण गेले, गल्ल्या अरुंद झाल्या, मोकळ्या प्लॉटवर घरे उठली. चर खोदायला जागा नाही, मांडव घालायला जागा नाही. म्हणून फंक्शन हॉल. हॉल आला की खुर्ची-टेबल आले, खुर्ची-टेबल आले की बुफे आला. उभ्याने, हातात ताट घेऊन, रांगेत. आपल्या वडीलधाऱ्यांना ते आजही रुचत नाही. ते एका कोपऱ्यात खुर्ची शोधत असतात. आणि बुफेत माणूस ताटात एकदाच सगळे घेतो, अर्धे टाकतो. दस्तरखानावर वाढणारा विचारून वाढत होता.

चौथी बाजू भांड्यांची. तांब्याच्या देगा गेल्या, जर्मनच्या आल्या. लाकडाऐवजी गॅसची भट्टी आली. मध्ये काही वर्षे थर्मोकोलच्या ताटांचा सुकाळ होता. २०१८ मध्ये राज्य सरकारने प्लास्टिक-थर्मोकोलची बंदी आणली आणि १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या अनेक वस्तूंवर देशभर बंदी आली. आता कागदाची ताटे आहेत किंवा केटररचे मेलामाइन. लाल दस्तरखानाच्या जागी टेबलावर गुंडाळी उलगडतात आणि जेवण झाले की गोळा करून फेकतात.

या चारही बाजूंनी एकच परिणाम झाला. जो खाना श्रमाने उभा राहत होता, तो पैशाने उभा राहू लागला. श्रम मोहल्ल्याचे होते, पैसा एकट्या बापाचा आहे. आमच्या मते सगळ्या बदलाचे मर्म हेच आहे. दालचा जाऊन बिर्याणी आली यात काही बिघडले नाही. चवी बदलतच असतात. पूर्वी शंभर हातांत वाटलेला बोजा आता एका माणसाच्या खांद्यावर आला, हे बिघडले.

मधे एकदा सगळे थांबले होते. २०२० च्या टाळेबंदीनंतर लग्नाला ५० माणसांची मर्यादा आली. एप्रिल २०२१ मध्ये तर राज्य सरकारने २५ माणसे आणि दोन तास एवढीच मुभा दिली. मोडल्यास ५० हजार दंड. त्या दिवसांत आपल्या गावांत निकाह झाले, ते टिकले, त्या मुली आज सुखाने नांदत आहेत. पण बंदी उठताच हॉल पुन्हा भरले. जणू दोन वर्षांची कसर भरून काढायची होती.

वहीतला हिशेब

आता आकडे मांडू. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. दर गावागावाला आणि हंगामाला बदलतात. वाचक बंधूंनी आपापले दर घालून पाहावेत.

समजा, मुलीच्या निकाहला ६०० माणसे आहेत. केटररचा दर ताटामागे २५० रुपये धरला तर १,५०,००० रुपये. हॉल, मांडव, रोषणाई ६०,००० रुपये. स्टार्टर आणि आईस्क्रीमचे माणशी ६० रुपये, म्हणजे ३६,००० रुपये. बारातीतल्या २०० माणसांचा सकाळचा नाश्ता माणशी ६० रुपयांप्रमाणे १२,००० रुपये. एकूण २,५८,००० रुपये. यात कपडा नाही, दागिना नाही, भांडीकुंडी नाही, आणि जिथे दुर्दैवाने अजून चालते तिथली जोडे की रकमही नाही.

ज्या दुकानदाराची महिन्याची निव्वळ कमाई २० हजार आहे, त्याची ही जवळपास १३ महिन्यांची कमाई झाली. पण व्यापाऱ्याने एवढ्यावर हिशेब थांबवू नये. २,५८,००० रुपये दुकानात असते तर वर्षातून चार वेळा फिरले असते. एका फेरीला १० टक्के सुटले तरी २५,८०० रुपये, चार फेऱ्यांचे १,०३,२०० रुपये. म्हणजे एका दुपारच्या जेवणात केवळ अडीच लाख गेले असे नाही. पुढच्या प्रत्येक वर्षाचे लाख-सव्वा लाखाचे उत्पन्नही त्याच दुपारी गेले. सोने तारण ठेवून किंवा फायनान्सवाल्याकडून पैसा उचलला असेल तर व्याज वेगळे. व्याज आपल्याला हराम आहे हे माहीत असूनही कितीतरी जण लग्नाच्या नावाखाली त्याच दारात जातात.

आमच्या पेठेतले एक उदाहरण देतो. नाव देणे बरे नाही. एक वेल्डिंगचे काम करणारे कारागीर आहेत. गेट, ग्रिल, शेतीची अवजारे बनवतात. हाताला नाव आहे. थोरल्या मुलीच्या लग्नाला त्यांनी ७०० माणसे जेवू घातली. मुलाकडच्यांनी रक्कम मागितली नव्हती, फक्त एवढेच म्हटले होते की, "हमारे लोगां जादा हैं, खाना जरा अच्छा रखो." खाना अच्छा झाला. लोकांनी वाहवा केली. दोन महिन्यांनी त्यांनी वेल्डिंगचे एक मशीन आणि कटर विकले. दोन कामगार होते, एकाला सांगून टाकले की दुसरीकडे बघ. मोठी कामे घ्यायची तर लोखंड आधी विकत घ्यावे लागते, आणि त्यासाठी हातात पैसा नव्हता. तीन वर्षे ते दुसऱ्याच्या शेडवर रोजाने जात होते.

धाकट्या मुलीची वेळ आली तेव्हा त्यांनी मुलाकडच्यांपुढे गोष्ट उघड ठेवली. निकाह मस्जिदीत असरनंतर, खजूर आणि शरबत, बाहेरगावच्या ६० पाहुण्यांना घरी खाना-दालचा. मुलाच्या बापाने मान्य केले. नात्यातले काही लोक रागावले, एक-दोघे आलेच नाहीत. पण या वेळी मशीन विकले नाही. उलट मुलीच्या नावावर काही रक्कम ठेवता आली. दोन्ही मुली आपापल्या घरी आहेत. शहरातल्या लोकांना आज पहिल्या लग्नातले चिकन आठवत नाही आणि दुसऱ्या लग्नातला शरबतही आठवत नाही. त्या कारागिराला मात्र तीन वर्षे आठवतात.

दूरदेशीचे उदाहरण, जवळचे उदाहरण

हा बदल केवळ आपल्याकडे झाला आहे असे नाही. मलेशियातील मलय मुसलमानांमध्ये लग्नाच्या खान्याला केंदुरी म्हणतात. तिथल्या खेड्यांत, ज्यांना कंपुंग म्हणतात, शेजारीपाजारी एक-दोन दिवस आधी जमतात. पुरुष मोठ्या कढयांत गोश्त आणि भात शिजवतात, बायका मसाला वाटतात, भाज्या चिरतात. या सामूहिक कामाला त्यांच्या भाषेत रेवांग असा शब्द आहे. तुपातला भात, गोश्ताचे रंदांग, आणि निघताना पाहुण्याच्या हातात कागदी फुलाला बांधलेले उकडलेले अंडे. पाहुणा यजमानाशी मुसाफा करताना हातातल्या हातात काही रक्कम देतो, ती खर्चाला हातभार म्हणून. तिथेही आता शहरांत हॉल आणि केटरर आले आहेत, अंड्याच्या जागी मिठाईची पुडी किंवा छोटी भेटवस्तू आली आहे आणि रेवांग कमी झाला आहे. समुद्रापलीकडच्या लोकांचा बदल आणि आपला बदल एकाच वाटेने चालला आहे: हात गेले, बिल आले.

आपल्याकडेही आहेराची वही होती. कुणी किती दिले हे लिहून ठेवायचे आणि त्याच्या घरी कार्य निघाले की तेवढे किंवा थोडे जास्त परत करायचे. ही बिनव्याजी परतफेडच होती. आज लिफाफा आहे, पण ताटाचा दर त्या लिफाफ्याच्या पुढे निघून गेला आहे. चौघांचे घर येते, एक लिफाफा देते, चार ताटे जेवते. यात पाहुण्याचा दोष नाही. वही जुन्या खान्याच्या हिशेबाने चालते आणि खाना नव्या दराने.

जवळचे उदाहरण दाऊदी बोहरा बांधवांचे. कापडाच्या धंद्यात त्यांच्याशी आपला नेहमी संबंध येतो. त्यांच्याकडे आजही मोठ्या थाळाभोवती आठ जण बसून जेवतात, मिठाच्या चिमटीने सुरुवात करतात, आणि अन्नाचा दाणाही वाया जाऊ नये म्हणून त्यांच्या जमातीत दाना कमिटीचे स्वयंसेवक लक्ष ठेवतात. त्यांच्यात पैसेवाले कमी नाहीत. पण जमातीने खान्याला शिस्त लावली आणि श्रीमंतांनी ती पाळली, म्हणून गरिबालाही पाळता आली. शिस्त वरून खाली येते. खालून वर जात नाही. हे आपल्या मोठ्या व्यापाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

व्यापारी सहाबींचे लग्न

आपल्या धर्मात निकाहनंतरचा वलीमा सुन्नत आहे आणि तो मुलाकडून आहे. मुलीच्या बापाने शेकडो लोकांना जेवू घालावे, याला सुन्नतेचा आधार नाही. तो रिवाज आहे. हदीसमध्ये हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांचा किस्सा येतो. मक्केहून मदिनेला आले तेव्हा हात रिकामे होते. अन्सारी भावाने अर्धी संपत्ती देऊ केली. त्यांनी दुआ दिली आणि फक्त बाजाराचा रस्ता विचारला. तूप आणि सुकवलेल्या दह्याचा व्यापार करून पायावर उभे राहिले आणि निकाह केला. प्रेषित मुहम्मद (स.) यांना तो झाल्याचे नंतर, कपड्यावरच्या पिवळ्या सुगंधी रंगावरून कळले. त्यांनी विचारपूस केली, बरकतीची दुआ दिली आणि एक बकरी का होईना, वलीमा करावा, असे सांगितले. खुद्द प्रेषितांच्या एका वलीम्यात तर रोटीही नव्हती आणि गोश्तही नव्हते. कातड्याचा दस्तरखान अंथरला गेला आणि सोबतीच्या लोकांनी आपापल्याकडचे खजूर, तूप आणि सुके दही आणून ठेवले.

व्यापाऱ्यांसाठी यात दोन गोष्टी आहेत. आधी बाजार, मग निकाह, आणि खाना ऐपतीइतका. दुसरी, सगळ्यांनी आणून ठेवलेला खानाही वलीमाच असतो. ज्या वलीम्यात श्रीमंतांना बोलावले आणि गरिबांना वगळले, तो वाईट खाना होय, अशी ताकीदही हदीसमध्ये आहे. २०२१ मध्ये ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने सोप्या निकाहची मोहीम काढली, तीतही निकाह मस्जिदीत व्हावा आणि त्या दिवशीचा खाना बाहेरगावच्या पाहुण्यांपुरता आणि घरच्यांपुरता असावा, असेच आवाहन होते.

मग कारागिरांचे काय?

इथे एक रास्त शंका निघते. साधे निकाह वाढले तर आपलेच बावर्ची, बिछायत केंद्रवाले, मांडववाले, नानबाई, केटरर यांनी काय करावे? हेही आपलेच बांधव आहेत. त्यांच्या पोटाचा विचार न करता उपदेश करणे बरोबर नाही.

पण जरा खोलात पाहा. मोठ्या हॉलच्या लग्नात पैसा कुणाकडे जातो? हॉलमालकाकडे, सजावटीच्या ठेकेदाराकडे, बाहेरगावच्या केटररकडे. रोजंदारीवर वाढणाऱ्या मुलांच्या हाती त्यातले थोडेच लागते. तांब्याच्या देगांना कल्हई करणारे कलईगर तर केव्हाच दुसऱ्या धंद्याला लागले. घराण्याने बावर्चीचे काम करणारे आता केटररच्या हाताखाली रात्रपाळी करतात. नाव केटररचे, हात यांचे. छोट्या खान्यात उलट होते. ६० ते १५० माणसांची देग मोठ्या केटररला परवडत नाही. ती गावच्या बावर्चीचीच असते. लग्ने तेवढीच राहतील, देगा लहान होतील, पण देग पकवणारा गावचा राहील. त्यासाठी बावर्ची बांधवांनी अन्नसुरक्षा कायद्याखाली आपली नोंदणी किंवा परवाना करून घ्यावा, दराचा छापील कागद ठेवावा आणि पावती द्यावी. तोंडी व्यवहाराचे दिवस गेले.

काय करता येईल

आम्ही काही आलिम नाही, पुढारीही नाही. गादीवर बसून जे दिसते त्यातून चार गोष्टी सुचवतो.

पहिली, जमातीची भांडी पुन्हा उभी करावीत. दोन-चार मोठ्या देगा, दोनशे ताटे, तसराळी, जाजम आणि एक गॅसची भट्टी. एका सधन व्यापाऱ्याच्या एका लग्नातल्या आईस्क्रीमच्या खर्चाचा त्याला मोठा आधार होईल. नाममात्र भाडे ठेवावे आणि त्यातूनच दुरुस्ती व्हावी. शादीखाना किंवा मदरशाचे आवार असेल तिथे एक पक्का ओटा आणि पाण्याची सोय केली की जागेचाही प्रश्न सुटतो.

दुसरी, दहा-बारा कुटुंबांनी मिळून लग्नाची भिशी लावावी. बोली नाही, व्याज नाही. दरमहा ठरलेली रक्कम आणि ज्याच्या घरी निकाह आहे त्याला आधी पाळी. आहेराची वही जे करत होती तेच काम ही भिशी करील, फक्त गरजेच्या आधी.

तिसरी, आमंत्रणाचे प्रकार परत आणावेत. कार्डावर घरातून किती जणांनी यावे हे स्पष्ट लिहिण्यात कमीपणा नाही. आपल्या वडिलांनी ते तोंडी सांगितले, आपण छापून सांगू. माणसे ठरली की देग ठरते, देग ठरली की खर्च ठरतो.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, ज्यांना परवडते त्यांनी सुरुवात करावी. गरिबाने साधे लग्न केले तर लोक म्हणतात, होते कुठे त्याच्याकडे? मोठ्या दुकानदाराने मुलीचा निकाह मस्जिदीत केला आणि मुलाच्या वलीम्यात खाना-दालचा ठेवून मोहल्ल्यातल्या गरिबांना पहिल्या दस्तरखानावर बसवले, तर पुढच्या हंगामात दहा बापांची मान मोकळी होईल. मुलाच्या बापांनाही आमचे सांगणे आहे. "खाना जरा अच्छा रखो" हे वाक्य तोंडातून काढण्यापूर्वी समोरच्या माणसाचे दुकान किती खणांचे आहे ते एकदा पाहून यावे. रक्कम मागितली नाही म्हणजे काही मागितले नाही, असे होत नाही.

दालचा असो की बिर्याणी, तो देवाचा रिज्क आहे. त्याची नाशुक्री करू नये. पण ज्या खान्यानंतर कारागिराच्या हातातले हत्यार विकले जाते, तो खाना कितीही चवदार असला तरी महागच पडतो. पुढच्या लग्नसराईत मुलीचा बाप हॉलची इसार देण्याआधी आपली दुकानाची वही उघडून बसला, तरी या लेखाचे काम झाले असे आम्ही समजू.